माल्टीज क्रॉस: आदेश एक, हात अनेक

एक पौंड छापखान्याची लाल शाई, एक पाइंट जवसाचं तेल आणि अर्धा पाइंट ऑलिव्हच्या तेलाची निथळ. सगळं नीट ढवळून एकजीव करायचं. एप्रिल १८४० मध्ये लंडनच्या मुख्य टपाल कचेरीनं देशभरच्या पोस्टमास्तरांना ही कृती पाठवली. सोबत नव्या तिकिटांचे नमुने होते आणि एक धातूचा ठप्पा, ज्याला आज सगळं जग माल्टीज क्रॉस म्हणतं. तिकीट आलं की त्यावर हा ठप्पा या शाईनं मारायचा, म्हणजे तेच तिकीट पुन्हा कुणाला वापरता येणार नाही. आदेश सगळ्यांना सारखा, ठप्प्याचं चित्र सारखं, शाईची कृतीही सारखी. तरी ज्या छापा उमटल्या त्या गावागणिक निराळ्या निघाल्या. त्या निराळेपणाचं मला जे वेड आहे, त्याबद्दल आज लिहिते आहे.

मी टपाल खात्यात नोकरी केली. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोस्टात सुरुवातीची बरीच वर्षं माझी जागा ठप्प्याच्या टेबलाशी होती. पेटीतली पत्रं आली की आधी सगळ्यांची तिकिटाची बाजू एकीकडे करून थप्पी लावायची. मग डावा हात पत्र सरकवणार आणि उजवा हात पॅडवर, तिकिटावर, पुन्हा पॅडवर, पुन्हा तिकिटावर. शाई जास्त झाली की गावाचं नाव बुजतं, कमी पडली की तारीख उमटत नाही. पावसाळ्यात शाई लवकर वाळत नाही, मग खालच्या पत्राची ओली छाप वरच्या पत्राच्या पाठीवर उठते. ठप्पा किंचित कलता पडला तर अर्धं वर्तुळ ठसठशीत आणि अर्धं पुसट. हे सगळं हाताला माहीत असतं, सांगता येत नाही. निवृत्तीनंतर मुलीकडे लीड्सला जाणंयेणं सुरू झालं आणि तिथं जुन्या ब्रिटिश तिकिटांशी गाठ पडली. बाकीचे लोक तिकिटं जमवतात. मी त्यांच्यावरचे ठप्पे जमवते.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८४० च्या आधी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा, आणि दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. टपाल सुधारणेचा आग्रह धरणारे रोलंड हिल यांनी १८३७ साली आपल्या पुस्तिकेतून मागणी केली की दर सगळ्या देशात एकच ठेवा, स्वस्त ठेवा आणि पैसे आधी घ्या. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाच्या पत्राला एक पेनी हा दर लागू झाला. १ मे रोजी पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट विक्रीला आलं आणि ६ मेपासून ते अधिकृतपणे वापरात आलं. काही पोस्टमास्तरांना तितका धीर धरवला नाही. बाथ शहरातून २ मे १८४० ला गेलेली पेनी ब्लॅक लावलेली पत्रं आजही आहेत आणि ती पाहायला मिळावीत म्हणून संग्राहक दूरदूरचा प्रवास करतात.

तिकीट छापणं हा निम्माच भाग झाला. ते एकदा वापरलं की मेलं पाहिजे, ही जबाबदारी ठप्प्याची. माल्टीज क्रॉसचं चित्र बघितलंत तर चार पाकळ्यांचा एक बाहेरचा क्रॉस, त्याच्या आत दुसरा लहान क्रॉस आणि मधोमध चौकटीसारखा तिरपा चौकोन. छाप जवळजवळ तिकिटाच्या रुंदीइतकी. त्यात अक्षर नाही, आकडा नाही, तारीख नाही. गावाचं नाव आणि तारीख असलेला ठप्पा वेगळा असायचा आणि तो पत्रावर दुसरीकडे, पुष्कळदा मागच्या बाजूला, मारला जायचा. याचा परिणाम मोठा आहे. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी पाकिटावरून तिकीट भिजवून काढलं की ते तिकीट मुकं होतं. राणीचं तोंड आहे, कोपऱ्यातली अक्षरं आहेत, क्रॉस आहे. पण हे पत्र लंडनहून निघालं की स्कॉटलंडच्या एखाद्या बंदरातून, हे कुठंच लिहिलेलं नाही.

हे मौन मोडतं ते कोरणाऱ्यांच्या हातांमुळे. हे ठप्पे यंत्रानं एका साच्यातून काढलेले नव्हते, एकेक हातानं कोरलेला होता. एकाच बाईनं एकाच परातीत थापलेल्या भाकऱ्यासुद्धा तंतोतंत सारख्या होत नाहीत, तसंच हे. बहुतेक क्रॉस इतके जवळजवळचे आहेत की नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पण काही गावांचे क्रॉस उघडउघड वेगळे आहेत. पहिला ठप्पा झिजला किंवा बिघडला की काही ठिकाणी गावातल्याच कुणा कारागिराकडून नवा कोरून घेतला असावा. त्याच्यासमोर लंडनचा नमुना नसेल, जुन्या ठप्प्याची पुसट छाप तेवढी असेल. त्यानं जसं पाहिलं तसं कोरलं.

या वेगळ्या क्रॉसांची गावं मी वहीत विभागवार मांडून ठेवली आहेत. मँचेस्टरचा एक क्रॉस असा आहे की पाकळ्यांची टोकं माशाच्या शेपटीसारखी दुभंगतात, आणि तिकिटांचे व्यापारीही त्याला माशाच्या शेपटीचा क्रॉस असंच म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ग्रीनक, किल्मार्नॉक, पर्थ, स्टर्लिंग, केल्सो, माँट्रोज, स्टोनहेवन. आयर्लंडमध्ये, जो तेव्हा ब्रिटिश राज्याचाच भाग होता, डब्लिन, बेलफास्ट, कॉर्क, लिमरिक ही मोठी शहरं तर आहेतच, पण मुलिंगार, हॉलिमाउंट आणि एअरकोर्ट अशी छोटी ठिकाणंही आहेत. हॉलिमाउंट मेयो परगण्यात, एअरकोर्ट गॉलवे परगण्यात. तिथून १८४० साली जाणारी पत्रं ती किती असणार! म्हणूनच त्यांची छाप मिळणं अवघड. वेल्समध्ये वेल्शपूल. इंग्लंडमध्ये यॉर्क, नॉर्विच, कॉव्हेंट्री, प्लिमथ, ब्रायटन, लेमिंग्टन, व्हाइटहेवन, यॉर्कशरच्या डोंगरातलं सेटल, आणि अर्थात लीड्स. लेक ज्या शहरात राहते त्याचाही क्रॉस ओळखता येण्यासारखा आहे हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिला कामावर फोन केला होता. "आई, सगळं ठीक आहे ना?" असं घाबरून तिनं विचारलं. मी म्हटलं, "अगं, तुमच्या गावाचा ठप्पा सापडला."

सगळ्यात प्रसिद्ध मात्र ग्लॉस्टरशरमधल्या वॉटन-अंडर-एज या लहान गावाचा क्रॉस. लोकरीच्या कापडासाठी ओळखलं जाणारं हे गाव, वस्ती तेव्हाही बेताची. पण तिथला क्रॉस इतका वेगळा आणि इतका दुर्मीळ आहे की पेनी ब्लॅकवर तो स्पष्ट असेल तर किंमत साध्या पेनी ब्लॅकच्या कितीतरी पट होते. या गावाचं आपल्याशी एक नातं आहे, आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळांना ते ऐकून आनंद होईल. आयझॅक पिटमन हे १८३६ ते १८३९ या काळात वॉटनला शिक्षक होते आणि १८३७ साली त्यांनी आपली लघुलिपी प्रसिद्ध केली. टायपिंग-शॉर्टहँडच्या इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांनी 'पिटमन' घोकलं त्यांना हे नाव विसरता येणार नाही. पुढं ते बाथला गेले आणि पेनीचा दर आल्यावर त्यांनी पत्रानं शिकवणी सुरू केली. विद्यार्थी धडे लिहून पाठवायचे, तपासलेले धडे टपालानं परत यायचे. एका पेनीच्या टपालाचं मोल लोकांनी किती झटकन ओळखलं, ते यावरून कळतं.

आता शाईकडे येते, कारण माझ्या मते प्रादेशिक फरकाची खरी मजा ठप्प्यापेक्षा शाईत आहे. कृती लंडनची असली तरी मिसळणारा गावातला पोस्टमास्तर. छापखान्याची लाल शाई गावात मिळाली नाही तर तो काय करणार? जे लाल मिळेल ते घेणार. तेल जास्त पडलं की छाप पसरते आणि कडेला तेलाचा डाग धरते. रंग जास्त पडला की नक्षीच्या फटी बुजतात आणि क्रॉसचा नुसता लाल गोळा होतो. म्हणून पेनी ब्लॅकवर नारिंगी छटेपासून विटकरी, गडद किरमिजी, माणकासारख्या रंगापर्यंत सगळे लाल सापडतात. कुणी निळी शाईच वापरली. किरमिजीकडे झुकणारी जांभळट छटाही आहे, आणि ती मिळाली तर संग्राहक तिला तळहातावरून उतरू देत नाही. यातलं काहीही लंडननं सांगितलेलं नव्हतं. मी स्वतः शाई आणि पॅड यांच्याशी इतका काळ झटापट केली आहे की अशी पसरलेली छाप पाहिली की तो पोस्टमास्तर समोर उभा राहतो: गाडी सुटायची वेळ झालेली, शाई पातळ झालेली, आणि पत्रांची थप्पी अजून संपलेली नाही.

लाल शाईचा दोष लवकरच उघडा पडला. काळ्या तिकिटावर ती नीट दिसत नव्हती, आणि ती पुसता येत होती. तिकीट धुऊन पुन्हा लावण्याचे उद्योग सुरू झाले. हिल यांना याची मोठी काळजी होती. म्हणून १८४० मध्येच शाई आणि तिकिटाच्या रंगांचे प्रयोग झाले. त्या काळात वेगवेगळ्या रंगांत छापून पाहिलेल्या नमुन्यांना आज संग्राहक 'रेनबो ट्रायल्स' म्हणतात. १८४० च्या अखेरच्या महिन्यांत लंडनमध्ये काळ्या शाईची चाचणी झाली. शेवटी फेब्रुवारी १८४१ मध्ये दोन्ही गोष्टी उलटल्या: तिकीट लालसर तपकिरी झालं, म्हणजेच पेनी रेड, आणि शाई काळी. पेनी ब्लॅक अशा रीतीनं वर्षभरही छापलं गेलं नाही. तरीसुद्धा साडेसहा कोटींहून जास्त नग छापले गेले होते, म्हणून ते दुर्मीळ नाही, महाग आहे ते त्याच्या मानामुळे. माझ्यासारखीनं खरं तर पेनी रेडच घ्यावं. कडा न टोचलेलं, हातानं कात्रीनं कापलेलं, १८४१ ते १८४४ मधलं पेनी रेड काही पौंडांत मिळतं आणि त्यावर काळा क्रॉस असतो. लाल कागदावर काळी छाप इतकी स्वच्छ दिसते की गावाचा फरक शोधायला तेच उत्तम.

यॉर्कच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर तिकिटांचं आणि नाण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. जावई मला तिथं गाडीनं घेऊन जातात. स्वतः एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतात आणि मला घाई करत नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. तिथले व्यापारी पेनी रेडच्या खोक्यांत फार वेळ घालवत नाहीत. चारी बाजूंची पांढरी कड शाबूत आहे की नाही यावर किंमत ठरवतात. कड कापलेलं तिकीट स्वस्तात जातं. मला कडेशी देणंघेणं नाही. मी भिंगातून फक्त मधला तिरपा चौकोन बघते, मग आतल्या क्रॉसचे चार कोपरे, मग बाहेरच्या पाकळ्यांच्या खाचा. याच क्रमानं. मधला चौकोन पूर्ण बंद आहे का, त्यात ठिपका आहे का, आतल्या रेषा बाहेरच्यांना टेकतात का. नवख्याला माझा सल्ला असा की आधी साध्या क्रॉसच्या छापा पुष्कळ पाहून घ्याव्यात. डोळ्यात साधा क्रॉस पक्का बसला की वेगळा क्रॉस आपोआप पुढं येतो. जास्त शाईनं बुजलेल्या छापेवरून मात्र निष्कर्ष काढू नये. बुजलेल्या फटी म्हणजे वेगळं कोरीवकाम नव्हे, आणि बाजारात असं खूप खपवलं जातं.

लंडनच्या मुख्य कचेरीत १८४३ मध्ये एक नवी गोष्ट दिसते. क्रॉसच्या मधोमध १ ते १२ यांपैकी एक आकडा. कुठल्या टेबलावर किंवा कुणाच्या हातानं हा ठप्पा पडला याची नोंद राहावी म्हणूनच हे केलं असणार, असं मला ठप्पा मारणारी म्हणून वाटतं. चुकीचा किंवा पुसट ठप्पा पडला की वरिष्ठ विचारतात कुणी मारला, आणि त्या प्रश्नाला उत्तर हवं असतं. बारा आकडे बारा तिकिटांवर जमवणं हा पुष्कळ संग्राहकांचा पहिला ध्यास असतो. माझाही आहे, पण छाप स्वच्छ असेल तरच मी घेते, त्यामुळे वही हळूहळू भरते आहे.

मग मे १८४४ मध्ये माल्टीज क्रॉस मागे पडला आणि आकड्यांचे ठप्पे आले. कोण कुठला हे आता कारागिराच्या चुकीवर किंवा पोस्टमास्तरच्या तेलावर सोपवलेलं राहिलं नाही. प्रत्येक टपाल कचेरीला क्रमांक मिळाला आणि प्रत्येक देशाला आकार. इंग्लंड आणि वेल्सचा आकडा आडव्या पट्ट्यांच्या लंबगोलात, स्कॉटलंडचा पट्ट्यांच्या आयतात, आयर्लंडचा पट्ट्यांच्या तिरप्या चौकोनात. तिघांची क्रमांकांची मालिका वेगवेगळी, आणि सुरुवातीला कचेऱ्यांची नावं वर्णानुक्रमानं लावून क्रमांक वाटलेले. म्हणून इंग्लंडच्या मालिकेत बाथ ५३, बर्मिंगहॅम ७५, ब्रायटन १३२, ब्रिस्टल १३४, केंब्रिज १५८, लीड्स ४४७, लिव्हरपूल ४६६, मँचेस्टर ४९८, ऑक्सफर्ड ६०३ अशी चढती भाजणी दिसते. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन १, एडिंबरा १३१, ग्लासगो १५९. आयर्लंडमध्ये बेलफास्ट ६२, डब्लिन १८६. वर्णानुक्रम लक्षात ठेवला की अर्धवट उमटलेल्या आकड्यावरूनही अंदाज बांधता येतो. पहिले दोन अंक '४९' दिसले की गावाचं नाव इंग्रजी 'एम'च्या आसपास असणार. ही युक्ती जुन्या कचेऱ्यांपुरतीच चालते, कारण नंतर उघडलेल्यांना मालिकेच्या शेवटचे किंवा मोकळे झालेले आकडे मिळत गेले.

आकार तीन असल्यामुळे कामाला वेग येतो. शंभर पेनी रेड टेबलावर पसरलीत तर आकडा वाचायच्या आधीच स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंड असे तीन ढीग लागतात. मी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असेच ढीग लावते. नातवाला आता आकार ओळखता येतात, आयतं शोधायचं काम त्याच्याकडे.

१३१ म्हणजे एडिंबरा, आणि या आकड्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण स्कॉटलंडनं ठप्प्यांत जी हौस केली ती इतर कुणी केली नाही. १८६३ पासून एडिंबराच्या कचेरीत १३१ हा आकडा एका ताऱ्याच्या मधोमध बसवलेला ठप्पा वापरला जाऊ लागला. आकड्याभोवती किरणांसारख्या रेषा बाहेर पसरतात. त्याला 'ब्रन्सविक स्टार' म्हणतात. नुसतं तिकीट रद्द करायचं तर चार आडव्या पट्ट्या पुरल्या असत्या. कुणीतरी तिथं तारा काढला, आणि तो एक-दोन महिन्यांत बंद न होता बरीच वर्षं चालला. त्याच्याआधीची, १८५४ ते १८६० मधली स्कॉटलंडची आणखी एक गंमत म्हणजे छोट्या उपकचेऱ्यांचे नावाचे ठप्पे. मूळ नियमाप्रमाणे तिकीट रद्द करायचं ते आकडा असलेल्या मोठ्या कचेरीनं. पण या काळात खेड्यांतल्या उपकचेऱ्यांचे साधे, एका ओळीत गावाचं नाव कोरलेले ठप्पे थेट तिकिटावर मारले गेले. सहा वर्षांनी वरून हे थांबवण्यात आलं. एखाद्या डोंगरी खेड्याचं पूर्ण नाव लाल पेनीवर आडवं छापलेलं दिसतं तेव्हा वाटतं, क्रॉसनं जे लपवलं होतं ते इथं एका ओळीत उघड झालं. ठप्पे जमवायला कुणी सुरुवात करणार असेल तर मी स्कॉटलंडपासून करा म्हणेन.

ठप्पा मारणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर १८५३ हे वर्ष १८४४ पेक्षाही महत्त्वाचं. तोवर प्रत्येक पत्रावर दोन ठोके लागायचे: तिकिटावर आकडा, आणि दुसरीकडे गाव-तारखेचा ठप्पा. दोन हत्यारं, दोनदा शाई, आणि पत्र उलटायचं असेल तर तोही वेळ. १८५३ पासून दोन्ही ठप्पे शेजारीशेजारी एकाच मुठीत बसवायला सुरुवात झाली. एक ठोका, दोन छापा. संग्राहक याला 'डुप्लेक्स' म्हणतात. इंग्लंडमध्ये अशा सुरुवातीच्या ठप्प्यांत तारखेचं वर्तुळ आणि पट्ट्यांचा लंबगोल एकमेकांना आडवे जोडल्यानं छाप चमच्यासारखी दिसते, म्हणून 'स्पून' हे नाव पडलं. रग्बीचा स्पून ठप्पा त्यात नावाजलेला. डब्लिनलाही स्पून होता. दिवसभरातले निम्मे ठोके वाचणं म्हणजे काय हे मनगटाला विचारावं. संध्याकाळची थैली बंद व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात एका पत्रामागे एक ठोका वाचला असता तर आम्ही काय दिलं नसतं. डुप्लेक्समुळे संग्राहकाचंही भलं झालं, कारण आता तिकिटाच्या शेजारीच गाव आणि तारीख आली. रोलंड हिल यांचे पुत्र पिअर्सन हिल यांनी तर १८५७ पासून ठप्पा मारायच्या यंत्रांचे प्रयोग लंडनमध्ये केले. यंत्राची छाप हातापेक्षा सारखी आणि स्वच्छ, पण त्या सारखेपणात मला शोधण्यासारखं फार काही उरत नाही.

आकड्यांची ही पद्धत पुढं समुद्रापार गेली. परदेशातल्या ब्रिटिश टपाल कचेऱ्यांना अक्षर जोडलेले क्रमांक मिळाले. माल्टाला ए२५, जिब्राल्टरला ए२६, हाँगकाँगला बी६२, पेरूच्या काल्याओ बंदराला सी३८. यांतल्या बहुतेक ठिकाणी इंग्लंडचीच तिकिटं विकली जायची, त्यामुळे तिथलं तिकीट कुठं वापरलं हे ओळखायचा एकमेव पुरावा म्हणजे ठप्पा. मुंबईच्या माणसानं या यादीत बी०१ आणि बी०२ नजरेखालून घालावेत. बी०१ म्हणजे अलेक्झांड्रिया, बी०२ म्हणजे सुएझ. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी मुंबई आणि लंडन यांच्यामधलं टपाल अलेक्झांड्रियाला जहाजातून उतरवून, इजिप्तमधून जमिनीवरून सुएझला नेऊन पुन्हा जहाजावर चढवलं जायचं. मुंबईहून गेलेली कितीतरी पत्रं या दोन कचेऱ्यांच्या वाटेनं गेली. आपल्याकडे स्वतंत्र तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ ला सर्वत्र लागू झाली आणि त्यांच्यावर पहिल्या काळात ठिपक्यांच्या तिरप्या चौकोनाचे ठप्पे पडले. पुढं इथंही पट्ट्यांच्या चौकटीतले आकडे आले. इंग्लंडमधला मे १८४४ चा विचार अशा रीतीनं दहा-बारा वर्षांत आपल्या टपालापर्यंत पोचला.

यावरून एक विनंती. मुंबई-पुण्यातल्या जुन्या पेढ्यांच्या, वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या घरी आजही कागदांची गाठोडी आहेत. त्यात विलायतेहून आलेलं एखादं पाकीट किंवा दुमडून लाखेनं बंद केलेलं पत्र असू शकतं. १८४७ साली एक शिलिंगचं हिरवं, अष्टकोनी, उठावाचं तिकीट निघालं, ते मुख्यतः परदेशी पत्रांसाठीच. असं काही हाती लागलं तर तिकीट भिजवून काढू नका, कापूनही काढू नका. लाख खरवडू नका. पत्र आहे तसं सपाट ठेवा, पुढून आणि मागून चांगल्या उजेडात फोटो घ्या. तिकिटावरचा आकडा, त्याभोवतीचा आकार, मागच्या बाजूचे तारखेचे ठप्पे आणि पाठवणाऱ्यानं आत लिहिलेली तारीख या चार गोष्टी आधी कागदावर टिपून घ्या. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत ठेवू नका, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवा. आकडा अर्धवट असेल तर जेवढा दिसतो तेवढाच टिपा, उरलेला अंदाजानं भरू नका. पट्ट्यांचा आकार तिरपा चौकोन असेल आणि आकडा १८६ असेल तर ते पत्र डब्लिनमधून निघालं आहे. मला त्याचा फोटो बघायला फार आवडेल.